पाव-पाव अंशाचा ताप

खोटं बोलायला चष्मेवाल्याला जेमतेम चार मिनिटं लागली, आणि त्यातली तीन फॉर्म शोधण्यात गेली. शुक्रवारची सकाळ होती. दुकानात चिटपाखरू नव्हतं. साथीच्या दिवसांत डोळे तपासायला येतंय कोण? त्याने लेन्सचा ट्रे बाजूला सारला, मोबाइलवर लीगचा फॉर्म उघडला आणि तीन नावांपुढे ‘ताप’ असं लिहून पाठवून दिला. मग हात पुसले. हात काही खराब झाले नव्हते, पण पुसले.

हा चष्मेवाला टेकडीवरच्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी होता. क्लब म्हणजे काही टीव्हीवर दिसणारा नव्हे. सगळ्यांत खालची लीग, त्यात दहा क्लब, आणि खेळणारे आठवडाभर कुठे ना कुठे राबून शनिवारी दुपारी बूट घालणारे. मोठ्या क्लबांचा सामना पुढे ढकलला की पेपरात मथळा यायचा. यांचा ढकलला की मैदानाच्या फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेली वेळ कोणीतरी बाहीने पुसायचं, संपलं.

साथ आल्यावर लीगने नियम केला होता: तीन किंवा जास्त खेळाडूंना ताप असेल तर शुक्रवारी बारापर्यंत कळवा, सामना पुढे जाईल. दाखला नको, कागद नको, सेक्रेटरीचा शब्द पुरे. चांगल्या माणसांसाठी केलेला नियम होता तो. आणि चष्मेवाला चांगलाच माणूस होता हो, तीच तर पंचाईत आहे.

झालं होतं असं, की त्या आठवड्यात त्याचे तीन मोहरे एकदम बाद झाले होते. गोलकीपरचं बोट दारात चेमटलं होतं. लांब्या, म्हणजे बचावातला त्यांचा सगळ्यांत उंच गडी, जिन्यावरून उतरताना घोटा मुरगळून बसला होता. आणि क्लबचे निम्मे गोल ज्याच्या पायातून आले त्या गोलंदाज्याला (हे नाव चेष्टेचं, पण तेच चिकटलं होतं) दुकानाच्या मालकाने नेमकं शनिवारीच गोदामातला माल लावायला बोलावलं होतं. सामना पुलाखालच्या क्लबशी, त्यांच्या मैदानावर. गुणतक्त्यात पुलाखालचे सगळ्यांत शेवटी, टेकडीवाले त्यांच्या वर, मध्ये एका गुणाचं अंतर. हरलो तर शेवटचे आपण. आणि शेवटचा राहील तो लीगमधून बाहेर, आणि बाहेर गेलेल्याला नगरपालिका मैदान देत नाही. दोन्ही मैदानांवर गाड्या लावायची जागा करायचा ठराव केव्हाचा तयार होता.

सामना पुढे ढकलतोय, रद्द थोडाच करतोय, असं त्याने स्वतःला बजावलं. तीन आठवड्यांनी बोट बरं होईल, घोटा बरा होईल, खेळू की रीतसर. कोणाचं काय बिघडलं? तिघांना त्याने फोन करून सांगितलं, की थोडे दिवस जरा बाहेर कमी दिसा. तिघेही हसले.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. पुलाखालच्या क्लबच्या सेक्रेटरी होत्या. या बाईंनी तीस वर्षं दवाखान्याच्या वॉर्डात काढली होती, आता निवृत्त होत्या, पण सगळं गाव त्यांना अजून सिस्टरच म्हणायचं.  चष्मेवाल्याला वाटलं, आता या भांडणार. त्यांच्या थोरल्या दिरांनी सकाळपासून वाकून वाकून मैदानावर चुन्याच्या रेषा मारल्या होत्या, सगळी मेहनत फुकट गेली होती.

सिस्टरनी सामन्याचं नावसुद्धा काढलं नाही. पोरांना ताप किती आहे, एवढंच विचारलं.

आता आली का पंचाईत? चष्मेवाल्याने आयुष्यभर आकडे सांगितले होते, पण ते चष्म्याचे. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे सवयीचं असतं तेच बाहेर पडतं. तो म्हणाला, गोलकीपरला शंभर पॉइंट पंचवीस, लांब्याला शंभर पॉइंट पन्नास, तिसऱ्याला नव्व्याण्णव पॉइंट पंच्याहत्तर.  सिस्टर हसल्या. ताप पाव-पावाने कधीपासून चढायला लागला, असं म्हणाल्या, आणि तुमची दुकानातली जीभ काही सुटायची नाही, असंही म्हणाल्या. पण वहीत लिहून घेतलं. पेन कागदावर चालल्याचं त्याला फोनमध्ये ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वाफ द्या, पाणी भरपूर प्यायला लावा, पालथं झोपवा. हा ‘हो हो’ म्हणायचा आणि नवे आकडे द्यायचा. काल काय सांगितलं ते विसरू नये म्हणून त्याने चष्म्याचे नंबर लिहायच्या पॅडवर तक्ता केला: तीन नावं, खाली तारखा, समोर ताप. कोणाचा कधी उतरवायचा याचा तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून विचार करायचा. एकदा लांब्याचा ताप जरा जास्तच चढवला, तर सिस्टर काळजीने तासाभराने परत फोनवर. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी दुकान उघडायला गेला तर कडीला पिशवी लटकलेली. आत बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन बघायचं ते चिमुकलं यंत्र, आणि चिठ्ठी: ‘आमच्या क्लबचं आहे. सध्या तुमच्या पोरांना गरज जास्त. घाई करू नका.’ त्या दिवसांत ते यंत्र कुठल्याही दुकानात मिळत नव्हतं. चष्मेवाल्याने ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवर लावून घेतला. परत कसं करणार? परत करायचं म्हणजे समोर उभं राहायचं, सिस्टर चष्म्याआडून बघणार, आणि तो चष्माही यानेच बनवलेला. मग उद्या देऊ, परवा देऊ, असं करत ते यंत्र तिथेच राहिलं.

चौदाव्या दिवशी त्याने तिघांनाही बरं करून टाकलं. सिस्टर म्हणाल्या, देव पावला. यंत्र मात्र राहू द्या, अशक्तपणात पुन्हा दगा देतो हा आजार.

आणि त्याच आठवड्यात लीग बंद झाली. पुढे ढकललेले सामने पुढे गेलेच नाहीत. तीन आठवड्यांनी खेळू म्हटलेलं सगळं हवेत राहिलं. चष्मेवाल्याच्या पायाखालची जमीन तेव्हा सरकली, कारण ‘पुढे ढकलतोय, रद्द थोडाच करतोय’ हा एकच खांब होता त्याच्याकडे, तोच गेला.

महिन्याभराने लीगची बैठक झाली, मोबाइलवरच. पडद्यावर दहा क्लबांचे दहा चौकोन. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांनी सांगितलं की आहे तो गुणतक्ता शेवटचा धरायचा. म्हणजे पुलाखालचे बाहेर. एका गुणाने.

सिस्टरनी मान डोलावली. बोलला तो गॅरेजवाला, तिसऱ्याच क्लबचा माणूस, तोंडाने फटकळ पण खोटा नव्हे. तो म्हणाला, ज्या शनिवारी टेकडीवाल्यांची पोरं तापाने फणफणली होती म्हणे, त्याच शनिवारी त्यांचा गोलंदाज्या मी गोदामात खोकी उचलताना पाहिला. फॉर्म खोटा आहे. फॉर्म खोटा निघाला तर सामना समोरच्याला द्यायचा, असा नियम आहे. मग पुलाखालचे राहतात, टेकडीवाले जातात.

 चष्मेवाल्याचा माइक बंद होता म्हणून बरं, नाहीतर श्वास सगळ्यांना ऐकू गेला असता. स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको चहाचा कप घेऊन उभी होती, ती तिथेच थांबली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. पण वीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याची मान बघून कळतं.

अध्यक्ष काही विचारणार, तेवढ्यात सिस्टरनी हात वर केला.

“असं कोणाच्याही आजारपणावर बोलू नये,” त्या म्हणाल्या. “रोज संध्याकाळी सहाला मी स्वतः विचारलंय. माझ्याकडे लिहिलेलं आहे. आमचा क्लब जातोय म्हणून मी खोट्याला हो म्हणणार नाही.”

त्यांनी वही उघडली, चष्मा नाकावर नीट केला आणि वाचायला सुरुवात केली. शुक्रवार, गोलकीपर, शंभर पॉइंट पंचवीस. लांब्या, शंभर पॉइंट पन्नास. शनिवार, तो ज्याला तुम्ही गोदामात पाहिलं म्हणता, तो मुलगा, शंभर पॉइंट पन्नास. मास्क लावला की सगळे सारखेच दिसतात, तुम्ही दुसऱ्याच कोणाला पाहिलं असेल. हे पाव-पाव काय आहे, असं कोणीतरी मध्येच विचारलं. तेव्हा सिस्टर हसून म्हणाल्या, की माणूस चष्मेवाला आहे, त्याला तेवढीच मोजणी येते, पण रोज न चुकता सांगायचा बिचारा. आणि पुढे वाचायला लागल्या. रविवार. सोमवार.

आपला क्लब बुडवायला त्या स्वतःच साक्ष देत होत्या, आणि साक्षीतला एकेक आकडा याचा. चष्मेवाल्याला वाटलं, गप्प बसायचं. दोन मिनिटं. बाईंनीच मिटवलंय, आपण कशाला हात घालायचा? आपली पंचवीस पोरं आहेत, त्यांचं मैदान आहे. मंगळवार, लांब्या, एकशे एक पॉइंट पंच्याहत्तर, त्या रात्री मला झोप लागली नाही, असं सिस्टर वाचता वाचता म्हणाल्या.

बायकोने चहा टेबलावर ठेवला. हळूच म्हणाली, “अहो, लांब्या तर त्या मंगळवारी लंगडत आपल्याकडे शिडी न्यायला आला होता.”

त्याने माइक चालू केला.

“सिस्टर, वाचू नका.” तो म्हणाला. “ताप कोणालाच नव्हता. आकडे मी मनाने सांगत होतो. फॉर्म खोटा आहे.”

 गॅरेजवाल्याने मान खाली घातली. सिस्टरनी चष्मा काढला, वही मिटली, आणि त्यांचा चौकोन काळा झाला. अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला. सामना पुलाखालच्यांना, तीन गुण त्यांचे. टेकडीवाले बाहेर.

पोरांना त्याने एकेकाला फोन केला. गोलकीपरने तर शिव्या घातल्या, लांब्या नुसता ऐकत राहिला. बायको म्हणाली, बोललात ते बरं केलंत, पण तिने त्याच्याकडे बघून म्हटलं नाही. एवढं होऊनही त्याला आतून जरा मोकळं वाटत होतं, आणि त्या मोकळेपणाचीही लाज वाटत होती.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. सिस्टर. चष्मेवाला धडपडत उठला. इतक्या लवकर माफ केलं की काय, असा वेडा विचार त्याच्या डोक्यात येऊनही गेला.

“ते यंत्र परत हवंय,” सिस्टर म्हणाल्या. “भावजींना परवापासून ताप आहे. तुमच्या पोरांना लागत असेल म्हणून मागितलं नव्हतं.”

बस्स, एवढंच. फोन बंद.

तो धावतच दुकानात गेला. ड्रॉवर उघडला, यंत्र घेतलं, वर ती चिठ्ठीही होती. परवापासून. दोन दिवस तो म्हातारा, ज्याने याने खोटं बोलून ढकललेल्या सामन्यासाठी चुना घेऊन अख्खं मैदान वाकून आखलं होतं, तापात पडून होता, आणि यंत्र या ड्रॉवरमध्ये. सायकल दामटत तो पुलाखाली पोचला. मैदानाला लागूनच सिस्टरचं घर होतं, त्याच्या फाटकाच्या खांबावर पिशवी ठेवली, बेल वाजवली आणि नियमाप्रमाणे मागे सरकून उभा राहिला. सिस्टर आल्या, पिशवी घेतली, आत गेल्या. त्याच्याकडे पाहिलंही नाही. मैदानावरच्या रेषा अजून पुसट दिसत होत्या. तो अंधार पडेपर्यंत उभा राहिला. शेवटी खिडकी उघडली आणि सिस्टर म्हणाल्या, “ऑक्सिजन नव्वद आहे. दवाखान्यात हलवतोय. तुम्ही जा.”

दुसऱ्या दिवशी सहाला चष्मेवाल्याने स्वतःच फोन लावला. त्या उचलतील असं त्याला वाटलं नव्हतं. सिस्टरनी उचलला. त्याने विचारलं, ताप किती आहे.

 त्यांनी आकडा सांगितला, फक्त आकडा, आणि फोन ठेवला.

चष्मेवाल्याने पॅड ओढलं. वर तीन नावं, चौदा दिवसांचा नीटनेटका तक्ता, पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर. त्याच्याखाली त्याने चौथं नाव लिहिलं आणि पुढे आकडा: एकशे दोन पॉइंट चार. हा पावात बसत नव्हता.