डावा हात

पेटीवर डावा हात वाजवत नाही. तो भाता ओढतो.

सुपारी फुटली की सोयरीक ठरली. मग मोडत नाहीत.

पंचायतीच्या रेडिओची बॅटरी भरायला सोलापूरला जाते.

मुंबईच्या त्या सभागृहात लोक खोकलासुद्धा दाबून धरतात.

नळदुर्ग, १९५९. वसंतराव शाळामास्तर. मुलगी चारुशीला, वय एकोणीस. पेटी तिला त्यांनीच शिकवली. पुढं शिकायला ती मुंबईला वनमालाआत्याकडं राहिली आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंकडं पियानो शिकली. सुट्टीत आली तेव्हा म्हणाली होती, "बाबा, तिथं डाव्या हातालाही वाजवायला मिळतं."

आज ती मुंबईच्या त्या सभागृहात साठ वादकांच्या मधोमध बसून पियानो वाजवणार होती. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा जर्मन माणसाची रचना. रेडिओवरून, थेट.

पंचायतीसमोर सतरंजी. सतरंजीवर वसंतराव, त्यांचे वडील अण्णा, आणि लोहाऱ्याहून आलेले गोपाळकृष्णपंत. पंतांचा मुलगा तहसिलीत कारकून. पंतांच्या खिशात सुपारी होती.

अण्णांनी तोड काढली होती. "लोकांनी टाळ्या दिल्या तर राहू दे तिला तिथं. नाहीतर आजच सुपारी फोडू. कबूल?"

"कबूल," वसंतराव म्हणाले होते. लेकीवर त्यांचा तेवढा भरवसा होता.

पंचायतीचा शिपाई सिद्रामप्पानं रेडिओची खुंटी पिळली. "गुर्जी, आटपा लौकर. उद्या बाजारभाव ऐकायचेत लोकाला."

आधी नुसता गलबला. मग त्यातून पियानो वर आला.

"ही आपली चारू?" अण्णांनी विचारलं.

"हीच."

"एकटी दिसत न्हाय," सिद्रामप्पा म्हणाला. "दोन माणसं बसलीत जणू."

वसंतराव हसले. मांडीवर त्यांचा डावा हात भाता ओढल्यासारखा हलत होता; तो त्यांनी थांबवला. वाजवणं चढत गेलं, सगळी वाद्यं एकदम तुटून पडली, आणि संपलं.

शांतता.

एक खुर्ची करकरली. कुणीतरी खोकलं, मग आणखी दोघंतिघं.

आमच्याकडं भजनातसुद्धा समेवर कुणी ना कुणी "व्वा" म्हणतं. इथं काही नाही.

"एक टाळी नाही," अण्णा हळूच म्हणाले.

पंत खाली बघत राहिले. भला माणूस.

लेकीची आणखी शोभा नको, म्हणून वसंतराव उठले आणि त्यांनी स्वतः रेडिओ बंद केला.

"बरं झालं," सिद्रामप्पा म्हणाला. "बॅटरी वाचली."

सुपारी तिथंच फोडली, सतरंजीवर.

गुरुवारी चारुशीला एसटीतून उतरली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली फुलं, वाळलेली.

"बाबा, ऐकलंत?"

"ऐकलं."

"शेवट कसा वाटला? लोक उठून उभे राहिले. मला तीनदा परत बोलावलं."

वसंतराव म्हणाले, "टाळ्या कुठं होत्या, पोरी?"

"शेवटी! तीन भाग असतात, बाबा. मधे कुणी टाळ्या वाजवत नाही. रीत आहे तिथली." तिनं त्यांच्याकडं पाहिलं. "तुम्ही किती ऐकलंत?"

ओट्यावरून अण्णा म्हणाले, "सुपारी फुटलीय, चारू."

फुलं कुठं ठेवावीत ते तिला कळेना.

वसंतराव दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याला गेले. पंतांनी सगळं ऐकून घेतलं. चहा दिला. म्हणाले, "मास्तर, गावात साखर वाटून झाली हो." मग पंगतीला किती माणसं धरायची ते विचारलं.

वैशाखात लग्न झालं. हळकुंड नवरीच्या डाव्या मनगटाला बांधतात. बांधताना ती हात स्थिर धरून होती. वसंतरावांनी पेटी बरोबर दिली. लोहाऱ्यात ती फळीवर आहे, वर कापड.

त्या रचनेचा दुसरा भाग नुसत्या डाव्या हातानं सुरू होतो.