खांद्याकडचा तुकडा

सुहासिनीने ट्रे उचलला, प्लास्टिकवरून अंगठा दाबून पाहिला आणि परत जागेवर ठेवला.

"हा पण नाही?" नंदनने विचारलं. कार्टचा दांडा धरून तो चार पावलं लांब, अंड्यांच्या फ्रिजपाशी उभा होता.

"लेबलवर कंट्री स्टाइल रिब्ज लिहिलंय खरं, पण हे पाठीचं मांस आहे. अगदी लीन, चरबीच नाही. बार्बेक्यूवर ठेवलं की तासाभरात चामडं होईल."

"होऊ दे ना. त्यांना काय कळणार आहे?"

"रॉनला? अरे, चाळीस वर्षं डुकरं पाळलीत त्या माणसाने."

नंदनने पुन्हा एकदा आइलच्या दोन्ही टोकांकडे पाहून घेतलं. व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडचा शनिवार होता आणि कॅनडातलं ते निम्मं ग्वेल्फ शहर ग्रोसरीला लोटलं होतं. त्यात महाराष्ट्र मंडळाचं कोणी भेटलं तर, ही त्याची धास्ती सुहासिनीला पाठमोरीही कळत होती.

त्यांच्या ईशिताने हिवाळ्यात सिटी हॉलमध्ये सही करून कोडीशी लग्न केलं होतं. कोडीचे आईवडील, रॉन आणि बेव्ह, सोमवारी पहिल्यांदाच घरी यायचे होते. "आई, just do veggie burgers, they won't mind," ईशिताने फोनवर सांगितलं होतं. सुहासिनीला ते पटलं नाही. व्याही पहिल्यांदा दारात येतात तेव्हा त्यांच्या आवडीचं करायचं, एवढी साधी रीत होती. रॉनला काय आवडतं ते तिने कोडीला विचारून घेतलं. घोळ एवढाच, की त्याआधीच नंदनने मंडळातल्या शाकाहारी हेमचंद्र आणि सीमाला सोमवारचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं.

"चल," सुहासिनी म्हणाली. "गावाबाहेर एक जुनं मटणाचं दुकान आहे. तिथे मिळेल."

"तुला कसं माहीत?"

"आमच्या लॅबला सँपल्स तिथूनच यायची."

नंदनने कार्ट दाराकडे वळवली. तिची लॅब हा विषय निघाला की तो नेहमीच गप्प व्हायचा. शहाऐंशी साली तिला नोकरी लागली ती मांस संशोधनाच्या विभागात. मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या बाईला तेव्हा गावात दुसरी जागाच नव्हती. नंदनने साताऱ्याला आईला पत्र लिहिलं, तेव्हा 'सुहास सोयाबीनवर संशोधन करते' असं लिहिलं. पुढे मंडळातही तेच सांगितलं गेलं आणि मग ते तसंच चालत राहिलं. सुहासिनी रोज संध्याकाळी घरी आली की आधी अंघोळ करायची, मग देवापाशी दिवा लावायची. एकतीस वर्षांत तिने मांसाचा एक घास खाल्ला नाही आणि एक दिवस नोकरीला कंटाळली नाही. या दोन गोष्टींचं एकमेकींशी भांडण आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. वाटायचं ते नंदनला. बर्फ पडत असलं की तो तिला लॅबच्या गेटपर्यंत सोडायचा, पण आत कधी आला नाही.

दुकानातला खाटीक पन्नाशीचा, दणकट होता. कुंकू लावलेल्या, पांढऱ्या केसांच्या बाईकडे पाहून तो अदबीने म्हणाला, "चिकन त्या बाजूला आहे, मॅम."

"मला पोर्क हवंय. कंट्री स्टाइल रिब्ज."

त्याने काचेमागच्या ट्रेकडे हात केला. सुहासिनीने वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"हे नको. अख्खा शोल्डर आहे का आत? खांद्याच्या हाडाच्या बाजूने काप. दीड इंच जाडी ठेव. कडेची चरबी काढू नकोस, आणि मधे पांढऱ्या रेषा दिसतात ना, त्या जास्त असतील तो भाग दे."

खाटकाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग आत जाऊन त्याने मोठा शोल्डर आणला आणि तिच्यासमोर लाकडी ठोकळ्यावर ठेवला. सुहासिनीने बोटाने हवेतच एक रेघ काढली. त्याने बरोबर तिथे सुरी लावली.

"रंग बघ," ती नंदनला मराठीत म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने त्याला असं काही पहिल्यांदाच दाखवलं होतं. "असा गुलाबी, लालसर हवा. फिका आणि ओलसर असेल तर ते जनावर मरताना घाबरलेलं असतं. आम्ही यावर सहा वर्षं काम केलं. गाडीतून नेताना त्यांना कमी त्रास कसा होईल, त्याचे नियम लिहून दिले."

नंदन ठोकळ्याजवळ आला. अगदी जवळ.

"हे नियम तू लिहिलेस?" त्याने विचारलं.

"मी आणि आणखी दोघांनी."

"तुमचं बार्बेक्यू झकास होत असणार," खाटीक कागद गुंडाळत म्हणाला.

"मी कधी खाल्लं नाही," सुहासिनी हसून म्हणाली. तो पाहतच राहिला. परत जाताना ती पुडकं मांडीवर घेऊन बसली तेव्हा नंदन गाडी नेहमीपेक्षा हळू चालवत होता.

सोमवारी तिने रिब्ज आचेच्या कडेला ठेवल्या, झाकण लावलं आणि दोन तास कुणाला ते उघडू दिलं नाही. थर्मामीटर एकदाच लावला. बाकी तिला वासावरून कळत होतं. दुसऱ्या छोट्या ग्रिलवर हेमचंद्र आणि सीमासाठी पनीर आणि मक्याची कणसं होती.

रॉनने पहिला घास घेतला आणि चावायचा थांबला. हाडावरून मांस आपसूक सुटलं होतं.

"हे कुणी आणलं?" त्याने विचारलं. "दुकानात तर हल्ली पाठीचाच तुकडा गळ्यात मारतात."

हेमचंद्र आणि सीमा ऐकत होते. सुहासिनीने चिमटा हातात घेतला. 'ओळखीच्या खाटकाने दिलं' असं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं.

"माझ्या बायकोने," नंदन म्हणाला. इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "एकतीस वर्षं मीट सायंटिस्ट होती ती. तुझी डुकरं ट्रकमधून ज्या नियमांनी जातात ना, रॉन, त्यातले काही हिने लिहिलेत."

रॉनने प्लेट खाली ठेवली, हात पुसला आणि उठून सुहासिनीपुढे धरला.

सीमाच्या हातातलं कणीस तसंच राहिलं होतं. "अहो भावजी, पण तुम्ही तर सोयाबीन म्हणायचात!"

"मी म्हणायचो," नंदन म्हणाला. "ती कधीच म्हणाली नव्हती."