मागच्या खोलीतली रेंज

दीपमालाचा लॅपटॉप तिच्या लग्नाहून जुना होता. पुसदला बी.एस्सी.ला असताना वडिलांनी घेऊन दिलेला, दुकानातला सगळ्यात स्वस्त. बाकी सगळं अजून धड होतं, वायफाय पकडायची ताकद तेवढी गेली होती. घरमालकीण विमलताई वर राहायच्या. आपल्या नेटचा पासवर्ड त्यांनी मोठ्या मनानं दिला होता. पण ते नेट खाली यायचं ते नेमकं उंबरठ्यापर्यंत. दारात बसलं तर चालायचं, मागच्या खोलीत लॅपटॉप नेला की मेलं.

आणि दारात बसायचं म्हणजे जीव मुठीत धरून बसायचं. उत्पला नुकती रांगायला लागली होती. दाराबाहेर पायऱ्या, पायऱ्यांखाली दिग्रसच्या बस स्टँडकडे जाणारा रस्ता, आणि रस्त्यावर रेतीचे ट्रक. पुण्याची एक कंपनी दीपमालाला भाषणांची रेकॉर्डिंग पाठवायची. ती ऐकून टाइप करायची आणि वेळेत परत पाठवायची, असं काम होतं. एका कानात हेडफोन, दुसरा कान मुलीकडे, आणि दारात आडवा टाकलेला पाय, अशी ती बसायची. तरी एकदा उत्पला तो पाय ओलांडून गेलीच. पायरीवर तिचा फ्रॉक मुठीत आला तेव्हा ट्रक पुष्कळ लांब होता. पण त्या दिवसापासून दीपमालाच्या डोळ्यांपुढे तो ट्रक रोज थोडा थोडा जवळ येऊ लागला.

म्हणून तिनं नवं वायफाय कार्ड मागवलं. लॅपटॉपच्या पोटात बसणारी बोटभर पट्टी, दुसरं काय. अतुलला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, पोरीले सांभाळता सांभाळता आता लॅपटॉपचं ऑपरेशन करतं का? मग म्हणाला, "कायले एवढी दगदग करतं? मिल आहे ना."

मिल आहे ना, हे वाक्य त्या हिवाळ्यात तो फार वेळा बोलायचा. बोंडअळीचं साल होतं. बोंडं फोडली की आत कापसाऐवजी अळी आणि काळा चिकटा निघत होता. लोकांनी कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली होती. बाजारात एरवी जिथं कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, तिथं कुत्री उन्हात झोपलेली असत. अतुल एका जिनिंग मिलमध्ये गाठींवर देखरेख करायचा. मिल चालू आहे का, हे दीपमाला रोज विचारायची आणि तो रोज चालू आहे म्हणायचा. संध्याकाळी तो आला की ती त्याला दारातच उभं करून अंगावरची रुई झटकायची, कारण उत्पलाच्या छातीत घरघर व्हायची. यंदा रुई कमी असायची. खांद्यावर, बाहीवर चार पुंजके. भुवया आणि केस मात्र स्वच्छ. कापूसच कमी तर रुई कुठून येणार, असं तिनं स्वतःशी म्हटलं होतं. लेकीच्या छातीला बरं, असंही म्हटलं होतं.

एकदा त्यानं आल्या आल्या विचारलं होतं, दुपारी उत्पला काहून रडत होती एवढी? तुम्हाले कोणी सांगितलं, म्हटल्यावर तो म्हणाला, विमलताई भेटल्या फाटकात. तिनं तेही मानलं.

कार्ड आलं त्याच्या आदल्या संध्याकाळी वरचं नेट पार बंद पडलं होतं. पुण्याहून फोनवर फोन. मागच्या वेळी उशीर झाला होता, आता पुन्हा झाला तर काम दुसऱ्याला देऊ, असं तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं होतं. अतुलनं आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दिला आणि काम भागलं. हॉटस्पॉटला त्यानं कौतुकानं नाव दिलं होतं, ‘उत्पलाचे बाबा’. लावला की बंद करायचं भान मात्र त्याला कधीच नसायचं. बॅटरी संपते म्हणून दीपमाला ओरडायची, तो हो हो म्हणायचा आणि तसाच निघून जायचा. त्या सकाळीही डबा घेऊन तसाच गेला.

दुपारी उत्पला झोपली तेव्हा दीपमालानं लॅपटॉप पालथा घातला. आधी बॅटरी काढली. मागचे स्क्रू एका वाटीत टाकून वाटी कपाटावर ठेवली. लेकरानं एखादा तोंडात घातला तर, हा विचार तिच्या मनात स्क्रू सुटायच्या आधीच आला होता. झाकण निघालं. आत कैक वर्षांची धूळ आणि धुळीत रुईचे बारीक तंतू. या गावात रुई कशात शिरत नाही! जुन्या कार्डाला दोन वायरी टोचलेल्या होत्या, एक काळी, एक पांढरी. नखानं उचलून त्या सोडवल्या, नवं कार्ड सरकवलं, वायरींची टोकं अंगठ्यानं दाबली. टिच्च आवाज आला. दुसरीनं वेळ घेतला, ती सारखी निसटत होती. पण शेवटी बसली. वाटी उतरवून स्क्रू लावले, एकही उरला नाही हे दोनदा पाहिलं, बॅटरी बसवली, आणि लॅपटॉप घेऊन ती मागच्या खोलीत गेली.

या खोलीची खिडकी बोळात उघडायची. बोळापलीकडे विमलताईंच्या नवऱ्याच्या, घनश्यामभाऊंच्या कापसाच्या गोदामाची मागची भिंत. दरवर्षी या दिवसांत गोदाम टिनापर्यंत भरलेलं असे. यंदा टिनाखाली नुसते पारवे होते. त्यांच्या पिसांपायी ती खिडकी लावूनच ठेवायची. आज हात मोकळे झाल्याच्या आनंदात उघडली.

लॅपटॉप सुरू झाला. वरचं नेट सकाळीच परत सुरू झालं होतं; ते यादीत दिसलं, मागच्या खोलीत, पहिल्यांदाच. दीपमाला एकटीच हसली. मग तिचं लक्ष गेलं. लॅपटॉप आपला आपण कालच्याच नेटला जोडला गेला होता. उत्पलाचे बाबा. रेंज भरपूर.

तिला वाटलं, मोबाइल घरीच राहिला. उशीखाली पाहिलं, खुंटीवरच्या पँटच्या खिशात पाहिलं, मोरीच्या कट्ट्यावरही पाहिलं. मग फोन लावला. घरात कुठंच वाजला नाही. अतुलनं उचलला.

"काहून वं?" आवाज दबका होता.

"कुठं आहा?"

"मिलमधीच आहो. कायले?"

त्याच्यामागं मशीनचा आवाज नव्हता. माणसांचाही नव्हता. फोन लागते का पाह्यलं, असं काहीतरी ती बोलली. तेवढ्यात टिनाखालून पारव्यांचा थवा फडफडत उठला. तो खिडकीतून ऐकू आला आणि फोनमधूनही आला, एकाच वेळी, दोन्ही कानांत.

तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

"ठेवतो," अतुल म्हणाला. "मशीन चालू झाली."

दीपमाला जमिनीवर बसली. गोदामाच्या भिंतीत वर एक झरोका होता. तिथं काही दिसत नव्हतं. मिल बंद होती. दिवाळीपासून? त्याच्याही आधीपासून? त्याच्या अंगावरची ती रुई पिवळट होती, मागच्या सालची, कोपऱ्यात पडून राहिलेली. एवढं तर या गावातलं लहान पोरही सांगेल. तिला दिसली होती आणि तिनं पाहिली नव्हती. गोदामाची किल्ली घनश्यामभाऊंनीच दिली असणार. म्हणजे विमलताईंना माहीत होतं. अलीकडे त्या वाटीभर भाजी खाली पाठवायच्या, पोरीचे लाड म्हणून. ती भाजी तिनं आवडीनं खाल्ली होती.

आणि तो तिथं बसून डबा खात होता. या खोलीत ती पोरीला काय काय बोलली होती, ते तिला आठवू लागलं. जीव नको केला या कार्टीनं, असंही एकदा म्हणाली होती, दार लावून, मोठ्यानं. खिडकी बंद असली तरी बोळ केवढा! लेक रडत असताना तो भिंतीपलीकडे बसून राहिला, उठून येऊ शकला नाही. तिला त्याचा राग आला, आणि मग राग धरवेना.

संध्याकाळच्या आत फाईल पाठवायची होती. वरचं नेट आता या खोलीत मिळत होतं. ते लावलं की प्रश्न मिटला. तिनं यादी उघडली, वरच्या नेटवर बोट नेलं आणि मागं घेतलं. आपल्या हॉटस्पॉटला कोण जोडलं गेलंय, हे अतुलच्या मोबाइलवर दिसत असणार. आत्ता तोडलं तर दोघांनाही काही झालंच नाही असं वागता येईल, आणि उद्या, परवा, तेरवा तो रुई लावून येत राहील. मिल नाही, तर या घराला तिचं हे टायपिंगच आहे. हे तिनं एकटीनं का पोटात ठेवायचं?

तिनं त्याच्याच नेटवरून फाईल पाठवायला घेतली.

फाईल मोठी होती. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. तो केव्हाही बंद करील, असं तिला क्षणाक्षणाला वाटत होतं. अर्ध्यावर पट्टी थांबली. मग पट्टी पुन्हा हलली. त्यानं बंद केलं नाही. फाईल पूर्ण गेली, पुण्याहून मिळाल्याचा निरोप आला, तरी नाव यादीत होतं. मग उत्पला उठली, रडली, दीपमालानं तिला कडेवर घेतलं आणि वळून पाहिलं तर नाव गेलेलं.

अतुल नेहमीच्या वेळी आला. सवयीनं दारात थांबला, हात जरा लांब धरून. डाव्या खांद्यावर पिवळट पुंजका होता. दीपमालानं तो चिमटीत उचलला. झटकला नाही, मुठीत ठेवला. तो खाली पाहत होता.

"गेली काय फाईल?"

"गेली."

"नेट होतं ना?"

"होतं. शेवटपर्यंत होतं."

तो आत गेला आणि मोरीवर हातपाय धुत राहिला. पाण्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता. जेवताना त्यानं लेकीला वरणभात भरवला. एकदा त्यानं तोंड उघडलं, असं दीपमालाला वाटलं. पण त्यानं फक्त मीठ मागितलं.

तिला वाटलं होतं, सकाळी तो घरीच राहील. पण त्यानं आंघोळ केली, शर्ट घातला, केस विंचरले आणि डब्यासाठी हात पुढे केला. समोरच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. दीपमालानं डबा दिला. मग आत जाऊन त्याचा चार्जर आणला आणि पिशवीत टाकला.

"तिथं लाइट असंन," ती हळूच म्हणाली. "हॉटस्पॉट चालूच राहू द्या."

अतुलनं पिशवीकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. मान हलवली आणि रोजच्यासारखा मिलच्या रस्त्यानं निघाला. बायकांपैकी कोणीतरी विचारलं, निघाले का भाऊ? तो म्हणाला, हो, टाइम झाला.

ती मागच्या खोलीत येऊन बसली. पुण्याचं नवं रेकॉर्डिंग आलं होतं. यादीत वरचं नेट होतं. थोड्या वेळानं त्याच्याखाली दुसरं नाव उमटलं, ठळक, भरपूर रेंजचं. खेळता खेळता उत्पलाचं डोकं कपाटाला लागलं आणि तिनं भोकाड पसरलं. दीपमालानं तिला झटकन उचललं, तिचं तोंड छातीशी दाबून धरलं आणि पुढच्या खोलीत नेलं, रस्त्याच्या दारापर्यंत, जिथं ट्रकच्या आवाजात लेकराचं रडणं मागं गोदामापर्यंत ऐकू जात नाही.