तेवढ्यात बस आली

कडी खडखडली तशी तिघींनीही दाराकडे पाहिलं.

वारा होता. दार दोन बोटं उघडलं आणि परत मिटलं. घरात पुन्हा चिडीचूप झालं. सासूबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, लेक टेबलाखाली बाहुलीला थोपटत होती, आणि ती टेबलाशी, कागद पसरून. दिवसा कडी लावायची नाही, ही सासूबाईंची सक्त ताकीद. "आला आणि दार बंद दिसलं तर?" त्यांच्या या प्रश्नापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती.

तो, म्हणजे तिचा नवरा, मालवाहू बोटीवर इंजिन सांभाळायचा. बोट वादळात सापडली. काही माणसं हाती लागली, काहींचा पत्ता नव्हता. तो पत्ता नसलेल्यांत होता. तेव्हापासून घर कान टवकारून बसलं होतं.

तिचं काम मात्र चालूच होतं. शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजी शब्दांचा कोश निघत होता, त्यातली काही अक्षरं तिच्याकडे होती. एक इंग्रजी शब्द, त्याचे अर्थ, समानार्थी शब्द, आणि प्रत्येकाला एक उदाहरण. म्हाताऱ्या संपादकांचा एकच दंडक होता: उदाहरण अर्धवट सोडायचं नाही. मांजर हरवलं असेल तर त्याच ओळीत ते सापडलं पाहिजे. पोराचा ताप दुसऱ्या वाक्यात उतरलाच पाहिजे. "पोरं वाचणार आहेत," ते म्हणायचे, "त्यांच्या जिवाला घोर लावून ठेवायचा नाही." लग्नानंतर नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. "चांगलंय की! तुमच्या त्या पुस्तकातच राहायला जाऊ या."

सगळे शब्द संपले होते. एकच उरला होता. वेट. डब्ल्यू, ए, आय, टी. पानं चाळताना ती तो रोज ढिगाच्या तळाशी सरकवायची आणि आज ढीगच उरला नव्हता.

सकाळीच संपादकांचा फोन येऊन गेला होता. "बाई, आटपलं का? छापखानेवाला माझ्या उरावर बसलाय."

"एकच राहिलाय, सर."

"कुठला?"

तिने सांगितला. मग ते खूप हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"नको. करते मी."

थांबणे. हा सोपा होता. 'जरा थांब, मी आलेच.' खोळंबणे. 'गाडी बिघडल्याने पाहुणे खोळंबले, पण दुरुस्त होताच निघाले.' ताटकळणे. यात पाय दुखतात. तिष्ठणे. यात पाय दुखतातच, शिवाय मानही खाली घालावी लागते. एकाच्या वाक्यात दुसरा शब्द घालून बघायचा आणि वाक्य वाकडं झालं नाही, तर ते शब्द एका घरचे, अशी तिची पद्धत. आज तिने वाक्यांत आपलंच घर घालून पाहिलं. आम्ही खोळंबलो आहोत? खोळंबतो तो, ज्याला पुढे कुठेतरी जायचं असतं. ताटकळलो? मग येणाऱ्याने वेळ दिलेली हवी. तिष्ठत आहोत? ते दुसऱ्याच्या दारात, आणि हे दार तर त्याचंच. राहता राहिलं वाट पाहणे. तिने पेन उचललं आणि ते तसंच हातात राहिलं. या सगळ्या शब्दांच्या शेवटी कुणीतरी येत होतं. कुणी यायचंच नसेल तर माणसं जे करत बसतात, त्याला कुठल्याच पानावर जागा नव्हती.

या वेळी दार खरंच उघडलं. दीर आला होता. तो रंगारी. कामावरून तसाच आलेला, मनगटांवर पांढरे शिंतोडे.

"पाणी देते," ती उठली.

"नको. वहिनी, जरा बाहेर येता का?"

"बाहेर कशाला?" पलंगावरून आवाज आला. "मी काय परकी झाले? इथंच बोल."

त्याने चपलेनेच जमिनीवरचा नसलेला डाग घासला. "कंपनीच्या हाफिसात जाऊन आलो, आई. शोध थांबवलाय त्यांनी."

"थांबवला म्हणजे? सुट्टी आहे का आज?"

"सुट्टी नाही, आई."

"मग दमले असतील. तीही माणसंच ना रे. उद्या करतील सुरू. तू असा तोंड पाडून उभा राहू नकोस, अपशकुनी मेला."

दिराने वहिनीकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते. "तुम्ही सांगा. अर्थ सांगायचंच काम करता ना तुम्ही."

आजवर तिनेच तर सांगितलं होतं. हवा निवळली की कळेल. दुसऱ्या एखाद्या बोटीने उचललं असेल. समुद्राचं काम आहे, उशीर होतोच. एक शब्द झिजला की दुसरा, दुसरा झिजला की तिसरा. ती पलंगापाशी जाऊन खाली बसली आणि सासूबाईंचे पाय हातात घेतले. ते गार होते.

"आई, हे येणार नाहीत आता."

सासूबाईंनी पाय ओढून घेतले. "एवढे शब्द येतात तुला," त्या म्हणाल्या. "दिवसभर ढीग उपसत बसतेस. आणि माझ्यासाठी हेच सापडलं?"



मग सासूबाईंचा आवाज एकदम उतरला, हट्टाने दमलेल्या पोरीसारखा झाला. "दुसरं काहीतरी म्हण ना गं."

"दुसरं नाही, आई."

त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. उकडत होतं, तरी दिराने त्यांच्या पायांवर चादर ओढली. मग तो तिथेच पलंगाच्या दांडीला टेकून खाली बसला आणि रंगाच्या हातांनी त्याने तोंड झाकून घेतलं.

ती टेबलाशी परतली. छापखाना थांबणार नव्हता. तिने लिहिलं: 'ताई बसची वाट पाहत होती. तेवढ्यात बस आली.' अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं, याचाच तिला राग आला.

टेबलाखालून लेक बाहेर आली. तिने बाहुली आईच्या मांडीवर ठेवली, मग स्वतःही चढून बसली.

"आई, बाबा येणार नाहीत असं तू आजीला म्हणालीस?"

"हो."

"म्हणजे आता आपण वाट नाही बघायची?"

"नाही, बाळा."

लेकीने विचार केला. विचार करताना ती बापासारखीच खालचा ओठ दाताखाली धरायची.

"पण ते निघालेच असले, आणि आपण वाट बघायचं सोडून दिलं, तर मग ते कुणाकडे येणार?"