बुरनूसचा खिळा

"काका, रिकामी चौकट हवी. ही एवढी!" नसीमाने दोन्ही हात फाकवून दाखवले. "आणि आत कुणी नको."

मोकदादने अर्ध्या वर केलेल्या शटरखालून आधी तिचे बूट पाहिले आणि मग वाकून चेहरा. वरच्या मजल्यावरची, दातांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली पोर. दोन्ही गालांवर झेंड्याचे रंग फासलेले.

"आत कुणी नसलेल्या चौकटीचं काय करणार?"

"वरात काढणार. इतकी वर्षं या देशावर चौकटच राज्य करतेय ना? मग मिरवायला नको तिला?"

"हळू बोल, पोरी!"

"काका, आत्ता नमाज सुटला की सगळा बाब एल-वेद मोहल्ला ओरडत खाली येईल. मी एकटीनेच का हळू बोलायचं?"

पोरीचं काही खोटं नव्हतं. अध्यक्ष आजारी पडले आणि लोकांसमोर यायचेच थांबले. तेव्हापासून कुठलाही समारंभ असो, मधल्या खुर्चीत त्यांची तसबीर बसायची. मंत्री तिच्यापुढे वाकायचे, तिला भेटवस्तू द्यायचे. आता पाचव्यांदा हीच तसबीर निवडून द्या असं फर्मान निघालं, तेव्हा माणसांचा संयम सुटला. सलग तिसरा शुक्रवार, अख्खं अल्जियर्स रस्त्यावर उतरत होतं.

आणि जिल्हा कचेरीसाठी त्या तसबिरींच्या चौकटी कोण करायचं? मोकदाद. वीस वर्षं. कामात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा एका समारंभात तसबिरीच्या खांद्यांवर मानाचा लोकरी झगा, बुरनूस, पांघरला, तर तो गुळगुळीत लाकडावरून सर्रकन घसरला आणि खाली पडला. सभेत कुणी हसलं नाही, हसायची छातीच नव्हती. दुसऱ्या दिवशी कचेरीतले बुआलेमसाहेब दुकानात येऊन कडाडले. तेव्हापासून मोकदाद प्रत्येक सरकारी चौकटीला मागून, वरच्या दोन्ही कोपऱ्यांत, एकेक आखूड खिळा ठोकायचा. बुरनूस अडकवायला.

आत्ताही दुकानाच्या मागच्या भागात खिळे मारलेल्या तीस तसबिरी भिंतीला टेकून उभ्या होत्या. बुआलेमसाहेब आज न्यायला येणार होते.

"घे ही," त्याने एक जुनी, रंग उडालेली चौकट शटरखालून सरकवली. "कुठून आणलीस विचारलं तर सांग, कचऱ्यात मिळाली."

"आणखी काही दिवसांनी हे खरंच होईल!" नसीमा हसत पळाली.

तेवढ्यात वरून जिन्याने कुसकुसचा वास उतरला आणि मागोमाग त्याची बायको वर्दिया उतरली. शुक्रवारचं कुसकुस ती चाळीस वर्षं करत होती, पण आज पहाटेपासून रवा तीनदा वाफवून तिने अख्ख्या गल्लीला पुरेल एवढं केलं होतं. परात शेजारणीच्या हाती देऊन ती दुकानापाशी थांबली. काखेत नेहमीची प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत मुलाचा, जलालचा फोटो.

एकोणीस वर्षांचा जलाल चोवीस वर्षांपूर्वी, यादवीच्या दिवसांत, फुटबॉल खेळायला म्हणून घराबाहेर पडला. कोपऱ्यावर नंबर नसलेली गाडी उभी होती. त्यातून उतरलेल्या माणसांनी त्याला गाडीत घातलं. बेकरीवाल्याने पाहिलं, न्हाव्याने पाहिलं, पण चौकीत कुणी काहीच पाहिलं नव्हतं. पुढे कायदा आला, झालं गेलं विसरा, कुणाला जाब विचारू नका. मुलगा मेला असं लिहून द्या, भरपाई मिळेल. वर्दियाने तो कागद फाडला आणि इतर आयांबरोबर दर बुधवारी सरकारी दारापुढे फोटो धरून उभी राहू लागली. पोलिसांनी ढकललं, पुन्हा उभी राहिली.

मोकदाद एकाही बुधवारी गेला नाही. सुरुवातीला भीती होती, मग सरकारी काम होतं, आणि नंतर नंतर तर इतकी लाज साठली की आता कुठल्या तोंडाने जायचं हेच कळेना. एकदाच तो म्हणाला होता, "फोटो दुमडतोय. छान चौकट करून देतो."

वर्दियाने त्याच्याकडे असं पाहिलं होतं की त्याच्या हातातली हातोडी खाली आली. "चौकट मेलेल्यांना," ती म्हणाली होती. अख्ख्या मोहल्ल्याच्या बापांना, आज्यांना चौकटी घालणाऱ्या माणसाच्या घरात मुलाचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत राहिला.

"अहो, येताय ना?" वर्दियाने विचारलं.

"आज कुठे बुधवार आहे?"

"आज सगळ्या शहराचा बुधवार आहे."

"बुआलेमसाहेब येणार आहेत माल न्यायला..."

ती पिशवी सावरत फुटपाथच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिचं न बोलणं मोकदादला चांगलंच ठाऊक होतं. ते आठवडाभर पुरायचं.

आणि मग नमाज सुटला. आधी नुसती घरघर ऐकू आली. मग चढावरून माणसांचा लोंढा उतरला, झेंडे अंगाला गुंडाळलेले पोरगे, कडेवर मुलं घेतलेल्या बाया, कुबड्या टेकणारे म्हातारे, काळे डगले घातलेले वकील. "चोरांनो, देश गिळलात!" ही आरोळी इमारतींवर आपटून परत यायची, तोवर दुसरी उठायची, "शांततेत! शांततेत!" सज्ज्यासज्ज्यांतून बायकांचे जीभ हलवत काढलेले आनंदाचे युयुकार सुरू झाले. वरून नारिंगाच्या फुलांचं पाणी शिंपडलं जात होतं. शटरखाली वाकून बसलेल्या मोकदादच्या छातीत असं काही धडधडायला लागलं की त्याला वाटलं, आता बहुतेक आपलं काही खरं नाही. मग लक्षात आलं, हा आनंद आहे. ओळख विसरली होती, एवढंच.

याच गर्दीत जिल्हा कचेरीची गाडी शिरली आणि पाचरीप्रमाणे अडकून बसली. ना पुढे जाता येईना, ना मागे. बुआलेमसाहेब सूट सावरत उतरले, कसेबसे शटरपाशी पोचले. वाटेत कुणीतरी त्यांच्या हातात कुसकुसची वाटी कोंबली होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं.

"मोकदाद, काय हा तमाशा! शटर पाड आधी. तसबिरी दिसल्या तर गाडी फोडतील."

"कुणी काही फोडत नाही, साहेब. खाऊन घ्या, गार होतंय."

समोरून नसीमाची चौकट आली. पोरं आळीपाळीने तिच्यातून तोंड बाहेर काढत होती. "मी पाचव्यांदा उभा आहे! मला बुरनूस घाला!" प्रत्येक तोंडागणिक हशा उसळत होता. बुआलेमसाहेबांनाही क्षणभर हसू फुटलं, ते त्यांनी घासाबरोबर गिळलं.

वर्दिया फुटपाथच्या कडेला होती. दोन्ही हातांनी फोटो डोक्यावर धरला होता. पिशवी उन्हात चकाकत होती, त्यामुळे कुणाला चेहराच दिसत नव्हता. तिने फोटो पिशवीतून बाहेर काढला, तर वाऱ्याने तो दुमडायला लागला. तिचे दंड भरून आले होते. सगळं शटरखालून मोकदादला दिसत होतं.

मग ती वळली. गर्दी कापत सरळ शटरपाशी आली आणि वाकली.

"अहो, एक चौकट द्या."

मोकदादच्या काळजात लक्क झालं. चोवीस वर्षांनी! म्हणजे हिनेही आता... त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"तसं काही नाही," ती म्हणाली. "माझे हात दुखतात, आणि आज त्याला सगळ्यांनी बघायला हवं. काच घालू नका. मागे फळीही नको. यायचं झालं तर त्याला बाहेर येता आलं पाहिजे."

दुकानात तयार अशा तीसच चौकटी होत्या. मोकदाद मागे गेला. पहिली उचलली, पालथी केली, मागचे चिमटे सोडवले. फळी निघाली, काच निघाली, अध्यक्ष निघाले. त्याने तो कागद नीट गुंडाळून बुआलेमसाहेबांपुढे धरला.

"अरे, हा सरकारी माल आहे! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माल तुमचा, तो घ्या. सांभाळून न्या, सुरकुती पडेल. चौकट माझी आहे."

"वीस वर्षांचं काम जाईल, मोकदाद!"

"जाऊ द्या, साहेब," तो म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला. किती सोपं होतं!

जलालचा फोटो लहान पडत होता. मोकदादने त्याच्या चारही कोपऱ्यांना जाड दोरा ओवला. वरचे दोन दोरे बुरनूसच्या खिळ्यांना घट्ट बांधले, खालचे दोन लाकडाच्या खाचांत ओढले. चौकटीच्या मधोमध, चहूबाजूंनी मोकळा, जलाल ताठ उभा राहिला.

वर्दियाने हात पुढे केले.

"राहू दे," मोकदाद म्हणाला. "तुझे हात दुखतायत."

त्याने शटर पूर्ण वर ढकललं आणि चौकट डोक्यावर धरून रस्त्यात उतरला. लोंढ्याने त्याला उचलूनच घेतलं. वर्दिया त्याच्या कोपराला धरून चालत होती. शेजारून नसीमा ओरडली, "काका, कोण आहे हा?"

मोकदादने तोंड उघडलं. आवाज फुटला तो असा की पुढचे चारपाच जण मागे वळले.

"जलाल! माझा मुलगा! कुठे आहे माझा मुलगा?"

"कुठे आहे जलाल?" नसीमाने आरोळी उचलली. मग तिच्या मागच्यांनी, मग वकिलांनी, मग ज्यांनी जलालला जन्मात पाहिलं नव्हतं अशा शेकडो पोरांनी. नाव चढावरून वर गेलं आणि समुद्राकडे उतरलं. वर्दिया रडत होती की हसत होती, कुणाला सांगता आलं नसतं. मोकदाद ओरडत होता, घसा बसला तरी ओरडत होता.

कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी ते आले. वरच्या सज्ज्यातून एका म्हातारीने युयुकार करत नारिंगाच्या फुलांचं पाणी भरभरून शिंपडलं. चार थेंब मोकदादच्या कपाळावर पडले. तिने पुन्हा ओंजळ भरलेली त्याने पाहिली.

चौकटीला काच नव्हती.

मोकदादने एका हाताने चौकट तोलली, दुसऱ्या हाताने स्वतःची टोपी काढली आणि मुलाच्या डोक्यावर धरली.