आतली रेघ

“मैदान बरोबर आहे ना, बाई?”

आठ वर्षांपूर्वी विचारलेला तो प्रश्न चांगुणाच्या कानात अजून तसाच होता, मागच्या भोंग्याच्या खरखरीसकट. मुठीतून चुन्याची फक्की सोडत, पालिकेच्या मैदानावर धावपट्टीची आतली रेघ ओढत ती मागं मागं सरकत होती. तेवढ्यात मुकादम किसनराव ओरडत आले.

“चांगुणे, दारात रांगोळी काढून राहिली काय? भरतीच्या पोरी फाटकात आल्या. उचल हात!”

“वळणावर कालच्या लग्नाच्या मांडवाचे खड्डे हायत. मुरूम घालून, पाणी मारून धुमसावं लागंल.”

“पेंढा कोंब, माती ओढ, वरून फक्की मार. दिसलं न्हाई म्हंजे न्हाई.”

तेव्हाही हेच म्हणाले होते.

इथं आधी बाभळीचं रान होतं. ब्याण्णव साली पालिकेनं भिंत घातली, बसायला पायऱ्या बांधल्या, फाटकावर ‘क्रीडासंकुल’ रंगवलं, आणि बाभळी तोडायला आलेली चांगुणा रोजंदारीवर तिथंच राहून गेली. मग मैदानावर सभा झाल्या, सर्कशीचे हत्ती झुलले, सेलच्या साड्या टांगल्या, मोठ्यांच्या लेकी उजवल्या. खेळ कधीमधी. जो तो बल्ल्या रोवायचा, उपटून न्यायचा आणि खड्डे चांगुणाला ठेवायचा.

पण करुणा तिथंच वाढली. माय रेघ ओढायची आणि लेक रेघेला लागून पळायची. चांगुणा गुणगुणायची,

*पांढऱ्या फक्कीची, वाट आखिते वळणाची*
*लेक माझी करुणा, वाऱ्यासंगं पळण्याची*

“माय, गाऊ नको गं, हसू येतं. हसल्यावर पळता येत न्हाई.”

हिंगोली जिल्हा झाला, पोलीस भरती निघाली आणि धावणी याच मैदानावर ठरली. आदल्या दिवशी एका पुढाऱ्याची सभा. सकाळी खड्डे बघून चांगुणानं माती ठोकायची धुमस उचलली, तर किसनराव म्हणाले, “ते ठेव, पेंढा कोंब. पायऱ्या झाड आधी, साहेब बसणार हायत.” खड्ड्यांत पेंढा गेला, वर माती, मातीवर फक्की. रेघ पडल्यावर खड्डा कुठला आणि जमीन कुठली, तिचं तिलाच ओळखू येईना.

तरी लेकीच्या कानात ती म्हणाली, “आतल्या रेघेला धरून पळ. कमी पळावं लागतं.”

करुणा सगळ्यांच्या पुढं होती. वळणावर तिचा पाय घोट्याच्या वर आत गेला.

भरतीचे साहेब पायऱ्यांवरून धावत आले. कुणी म्हणालं खड्डा, कुणी म्हणालं चक्कर. किसनराव आधीच तिथं पोचले होते; पेंढा चपलेनं दाबून त्याच्यावरच उभे राहिले होते. साहेबांनी हातात फक्कीची पाटी असलेल्या बाईला विचारलं. ही पडलेल्या पोरीची माय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“मैदान बरोबर आहे ना, बाई? खड्डा असेल तर पाय बरा झाल्यावर पोरीला परत बोलावता येईल. चक्कर येऊन पडली असेल, तर माझा इलाज नाही.”

किसनराव चांगुणाकडं बघत होते. तिला नोकरीत कायम करण्याचा शब्द त्यांच्याच तोंडात होता.

“बराबर हाय, साहेब,” ती म्हणाली. “पोरगी सकाळधरनं उपाशी होती म्हणं.”

पहाटे तिनंच दुधात भाकर कुस्करून लेकीला चारली होती. मातीत पडलेल्या करुणानं मायकडं पाहिलं. रडायची ती एकदम थांबली.

चांगुणा पुढच्या साली कायम झाली. आणलेल्या पेढ्यांना घरात मुंग्या लागल्या. करुणाचा घोटा वाकडा बसला, भरतीचं वय निघून गेलं, साड्यांना फॉल लावण्यात दिवस जाऊ लागले. मायचा डबा ती रोज आणायची, पण फाटकापर्यंतच. आत पाऊल टाकत नव्हती. त्या सकाळबद्दल मायलेकी एक अक्षर बोलल्या नाहीत.

आज फाटकातून पोरी आत येत होत्या, छातीवर नंबर लावून. भिंतीला टेकून करुणा उभी होती, हातात डबा. खाकी वर्दीतली एक तरुण बाई धावपट्टी बघत आली. करुणाच्याच वयाची असावी.

“मावशी, मैदान बरोबर आहे ना?”

किसनराव लगबगीनं वळणावर जाऊन उभे राहिले. “एकदम बराबर, मॅडम! सुरू करा तुमी.”

“मी मावशींना विचारलं.”

चांगुणानं फाटकाकडं पाहिलं. मूठ सैल झाली, फक्की पायांवर सांडली.

“बराबर न्हाई, मॅडम. मुकादम उभे हायत तिथं खड्डा हाय. पेंढा हाय खाली.”

“चांगुणे!”

ती थांबली नाही. आवाज चढला, पार फाटकापर्यंत गेला.

“आन त्या दिशी माझी लेक उपाशी न्हवती. जेवून आली होती.”