खांबाखालचा माणूस

"किटकॅट कोनाच्या खिशात?"

"माझ्या."

"मग चढ."

शहापूरजवळच्या सापगावच्या वेशीवरचा तो खांब भावना चढू लागली आणि महिपत मान वर करून खाली उभा राहिला. रोहित्राखालच्या पेटीतले, म्हणजे डीपीतले फ्यूज, ज्यांना सगळेच किटकॅट म्हणतात, ते काढायचे, चढणाऱ्याने स्वतःच्या खिशात घालायचे आणि मगच खांबाला हात लावायचा, हा महिपतचा पहिला धडा. ते डीपीपाशीच ठेवले, तर वीज गेल्याने कातावलेला एखादा गावकरी ते परत बसवतो. त्यात दुष्टावा नसतो, घाई असते. परंतु तारेवरच्या माणसाला हा भेद उपयोगाचा नाही.

वीज कंपनीने अलीकडे प्रत्येक नव्या तंत्रज्ञाला एक अनुभवी 'मेंटॉर' नेमून दिला होता. असे नाते परिपत्रकाने निर्माण होते, हे मानणे भाबडेपणाचे आहे. परिपत्रक फार तर दोन माणसांना एका मोटारसायकलवर बसवू शकते. पुढचे भावनाला मेंटॉर म्हणून मिळालेल्या महिपतने केले. मुरबाडकडची ही मुलगी खांबावरून उपकेंद्रात, ऑपरेटरच्या जागेवर जावी, असा ध्यास त्याने घेतला.

भावना मात्र त्याचे एक गुपित सांभाळत होती. दिवाळीपासून महिपतला उंचावर भोवळ येत असे, आणि त्याच्या वाटणीचे खांबही तीच चढे. कार्यालयाला हे कळते, तर त्याची रवानगी स्टोअरमध्ये झाली असती. आणि त्याला निवृत्त व्हायचे होते ते खांबावरचा माणूस म्हणूनच. तिचा पट्टा अजून आलेला नव्हता. महिपत आपला जुना सुरक्षापट्टा रोज सकाळी स्वतःच्या कमरेला बांधून निघे, खांबापाशी सोडून तिला देई, आणि ती तो आवळून घेई. संध्याकाळी तो पुन्हा आपल्या मापावर आणून ठेवी. आवळण्याविषयी दोघेही कधी बोलले नाहीत.

आटगावला चहा पिताना ती म्हणाली, "काका, ऑपरेटरच्या परीक्षेला पुढच्या सालाला बसन मी."

"का गो?"

"तुमीच म्हनता ना, खांब्याला घाई चालत नाय."

"खांब्याला नाय चालत. पगाराला चालते."

"आनि मी गेल्यावर वर कोन चढंल?"

महिपतने बशी खाली ठेवली. "तुझ्या आधी काय शापूर अंधारात व्हतं?"

ती त्याच साली परीक्षेला बसली. प्रात्यक्षिकाच्या दिवशी प्रज्वल साहेब आले. हे अभियंते वयाने भावनाएवढेच होते, पण कामात चोख असा त्यांचा लौकिक होता. त्यांनी तार तुटलेला एक खांब निवडला आणि शांतपणे सांगितले, "भावना, तुझं चढणं मी पाहिलंय. ऑपरेटरला माणसं वर पाठवावी लागतात. आज तू खाली थांब. महिपत चढतील."

भावनाने महिपतकडे पाहिले. तो पट्टा बांधू लागला होता. त्याच्या मापाचे भोक दिवाळीनंतर आज प्रथमच चढायच्या कामाला येत होते. त्याने किटकॅट काढून खिशात टाकले आणि खांबाला हात लावून तो थांबला. आता विचारायचे काम तिचे होते.

"किटकॅट कोनाच्या खिशात, काका?"

"माझ्या."

पुढचे दोन शब्द बाकी होते. ते उच्चारले, की ती उत्तीर्ण होती, आणि तो वर जाणार होता. वर जाणाऱ्याचे तोंड आधी बघायचे, हेही त्यानेच शिकवले होते. तिने पाहिले. वारा गार होता आणि महिपतच्या कपाळावर घाम होता.

"पुढचं बोल की गो," तो हलकेच म्हणाला.

"नाय. हात काढा खांब्यावरनं."

"का?" प्रज्वल साहेबांनी विचारले.

ती उत्तरली तेव्हा तिची नजर जमिनीवर होती. "त्यांना भोवळ येते, साहेब. दिवाळीपास्नं. मी लपवलं."

साहेब महिपतकडे वळून म्हणाले, "सोमवारपासून स्टोअरला या. आणि भावना, लपवलंस ते चूक. त्याचा वेगळा जाब द्यावा लागेल. आजचं मात्र बरोबर. हीच परीक्षा होती."

महिपतने मान डोलावली. मग तो भावनाकडे वळला, आणि त्याचा स्वर रोजचाच होता. "उशीर केलास. पट्टा बांधायच्या आधी बोलायचं. मान्सानं पट्टा बांधला का त्याला थांबवनं जड जातं."

"व्हय, काका."

तार अजून तुटलेलीच होती आणि गाव विजेची वाट पाहत होते. महिपतने किटकॅट तिच्या हातावर ठेवले. ते तिने खिशात घालेपर्यंत त्याने पट्टा सोडला, बकल हातात घेऊन काही वेळ अंगठ्याने चाचपले, कातडे ओढले, खिळा भोकात बसवला आणि पट्टा तिच्यापुढे धरला.

भावनाने तो कमरेला लावला. आज तिला तो आवळावा लागला नाही.